राणीचं पोट का बिघडायचं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मागं आम्ही शेळ्यांच्या लसीकरणावर बोललो, तेव्हा दोन-तीन वाड्यांवरच्या बायकांनी एकच विचारलं. म्हणाल्या, शेळ्यांचं सांगितलंत, पण शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याचं कधी सांगणार? म्हणून आज कुत्र्याच्या पोटाविषयी बोलायचं आहे. हसू नका. वस्तीवर कुत्रं आजारी पडलं की काय होतं ते ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना ठाऊक आहे. रात्री गोठ्यापाशी माणूस जागं ठेवावं लागतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा बाईच असते. आता आमच्याकडे लांडगा आहे, पलीकडच्या खोऱ्यात बिबट्या आहे. कुत्रं भुंकलं नाही तर सकाळी करडू मोजायलाच नको.

आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट आमच्या गटातल्या एका ताईंच्या राणीची. राणी गावठी कुत्री, तांबूस रंगाची, चार वर्षांची. तिचं पोट सहा-सात महिने बिघडत होतं. मरायला टेकली असं नाही, पण बरीही नाही. आठ दिवस चांगली, मग पुन्हा पातळ शी, पुन्हा मलूल. खायची नीट, तरी फासळ्या मोजता याव्यात अशी झाली. असं रेंगाळणारं दुखणं फसवं असतं. एका दिवसात जनावर आडवं झालं तर आपण धावतो. रोज थोडं थोडं खालावलं तर डोळ्याला सवय होते.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणायच्या, दूध पचत नाही तिला, कुत्र्याला तूप पचत नाही असं उगाच म्हणत नाहीत. ताईंचे मालक म्हणायचे, उकिरड्यावर तोंड घालते, दुसरं काय. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली, गेल्या मार्गशीर्षात तिची पाचही पिल्लं गेली, तेव्हापासून ती अशी आहे. पिल्लांची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येणार आहे.

मत चार जणांची चार असली की आपल्या गटात आपण काय करतो? वही काढतो. इथंही तेच केलं. ताईंच्या मुलीच्या शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली आणि पाच रकाने आखले. तारीख, काय खाल्लं, शी कशी झाली, दिवसभर कुठं बसली-निजली, काय औषध दिलं. लिहायचं काम नववीतल्या मुलीकडे. तिनं शीसाठी स्वतःच खुणा ठरवल्या: घट्ट असेल तर उभी रेघ, मऊ असेल तर आडवी, पातळ असेल तर थेंब, आणि रंग वेगळा दिसला तर शब्दात. आम्ही आधी मोठमोठे शब्द सुचवत होतो, पण तिच्या खुणाच बऱ्या ठरल्या. आजीलाही त्या वाचता यायच्या.

शी बघायची म्हणजे काय बघायचं, ते सांगतो. किळस वाटेल, पण ज्या हातांनी आपण लेकरांचे लंगोट धुतले त्यांना हे जड नाही.

कुत्र्याच्या आतड्याचे दोन भाग धरा, लहान आतडं आणि मोठं आतडं. बिघाड मोठ्या आतड्यात असला तर कुत्रं सारखं सारखं बसतं, कुंथतं, थोडी थोडी शी होते, तिच्यावर शेंबडासारखा चिकट पदार्थ असतो, आणि रक्त आलं तर ते ताजं लाल दिसतं. अशा कुत्र्याचं वजन फारसं घटत नाही. बिघाड लहान आतड्यात असला तर शी दिवसातून एक-दोन-तीन वेळाच होते, पण बरीच होते, कुत्रं वाळत जातं, आणि रक्त आलं तर ते वाटेत पचून काळं होऊन येतं, डांबरासारखं. म्हणजे शी लाल नाही म्हणून रक्त नाही, असं समजू नये. काळी चिकट शी दिसली की ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर जरा दाबून बघा. भोवती तांबूस डाग पसरला तर रक्ताचा संशय धरावा. मात्र एक ध्यानात ठेवा. कुत्र्याला लोहाचं औषध चालू असेल तर शी काळी होतेच. आपल्यापैकी ज्यांनी बाळंतपणात लोहाच्या गोळ्या घेतल्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. काळीज किंवा रक्ताची वजरी खाल्ली तरी एखादा दिवस तसं होतं.

राणीची वही लिहायला लागून आठवडा झाला आणि दिसलं की पातळ शी दिवसातून दोनदा, बरीच, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळसर. म्हणजे बोट लहान आतड्याकडे जात होतं. मग हिरड्या बघितल्या. वरचा ओठ उचलायचा आणि हिरडी बघायची. निरोगी कुत्र्याची गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथं डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा. राणीची हिरडी जुन्या चुन्याच्या भिंतीसारखी फिकट होती. अंगणवाडीत आपलं हिमोग्लोबिन तपासतात तेव्हा ताई पापणी ओढून बघतात ना, तेच हे.

रक्त कमी का होतं? एक तर ते कुठून तरी बाहेर जातं, नाही तर आत नासतं. आपल्या घरात नासवणारी दोन कारणं सहज सापडतात. पहिलं कांदा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. आपलं कालवण कांद्या-लसणाशिवाय होतं कुठं? रोज उरलेलं कालवण भाकरीत कुस्करून घातलं तर एखाद्या कुत्र्याला ते बाधू शकतं. दुसरं कारण गोचीड. गोचिडीच्या चाव्यातून एक ताप येतो, त्यात रक्त कमी होतं, कधी नाकातून रक्त येतं, कुत्रं खात नाही.

आता शोध कसा घेतला ते सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदल केल्यावर दोन आठवडे थांबायचं. हे पाळणं फार अवघड जातं. आपला स्वभाव असा की दूधही बंद, कालवणही बंद, वर गोळी आणि अंगारा, सगळं एकाच दिवशी. कुत्रं बरं झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बिघडलं की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

पहिल्यांदा दूध बंद केलं. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध खरंच पचत नाही, त्यातली साखर पचवायचं सामर्थ्य पिल्लूपण सरलं की कमी होतं. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दूध बंद केल्यावर राणीच्या पोटातली गुरगुर कमी झाली. पण काळी शी काही थांबली नाही.

मग कालवण बंद. नुसती भाकरी पाण्यात भिजवून, त्यात उकडलेलं अंडं, कधी बिनमसाल्याचा भात आणि कोंबडीचं हाड काढलेलं मांस. दोन आठवडे झाले. फरक नाही. तरीही आमचं मत असं की कांद्याचं कालवण कुत्र्याला कायमचंच बंद ठेवावं. राणीच्या घरी ते आजही बंद आहे.

तिसरी पाळी जंताच्या गोळीची. तालुक्याहून कुत्र्याची गोळी आणली. १२ एप्रिलला दिली. १४ तारखेपासून वहीत उभ्या रेघा सुरू झाल्या. एक, दोन, पाच, दहा. घरात आनंद. सासूबाईंनी राणीला अर्धी चपाती जास्त घातली. आणि २९ तारखेला पुन्हा आडवी रेघ. २ मेला थेंब, आणि पुढं शब्द: काळी.

इथं सगळ्यांचा धीर सुटला. म्हणायला लागले, गोळी लागू पडत नाही. पण वही समोर ठेवून बसलं तर वेगळंच दिसत होतं. गोळी लागू पडली होती. दोन दिवसांत पडली होती. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काही तरी झालं होतं. खाण्यातली वस्तू बाधली असती तर ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाधली असती. पंधरा-सोळा दिवस थांबून नेमानं परत येणारं हे काय? मुलीनं मागची पानं चाळली. वही सुरू व्हायच्या आधी फाल्गुनात एकदा गोळी दिली होती, तेव्हाही राणी दोन आठवडे बरी होती, असं ताईंना नक्की आठवत होतं, कारण ती होळीला ठणठणीत होती आणि पाडव्याला पुन्हा मलूल.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या घरी दोन कुत्री आहेत. तीच भाकरी, तोच उकिरडा, त्याच शेळ्यांमागं फिरणं. दोन्ही धडधाकट. मग राणीपाशी असं काय आहे जे त्यांच्यापाशी नाही?

वही घेऊन ताई आणि आमच्यातल्या दोघी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी आधीच फोनवर सांगितलं होतं की शीचा नमुना त्याच सकाळचा, ओला, झाकणाच्या स्वच्छ डबीत आणा, वाळलेला नको. हे महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात जमिनीवर पडलेल्या शीतली काही जंतांची अंडी दिवसा-दोन दिवसांत फुटतात, मग अंडी सापडत नाहीत. नमुना सुपारीएवढा पुरतो. वर मातीतला भाग घेऊ नये.

तपासणी कशी करतात ते बघितलं तर गंमत वाटेल. बाजरीच्या बियाण्याला आपण मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतो. पाण्यात मीठ विरघळवून त्यात बी टाकलं की अरगट लागलेलं आणि हलकं बी वर तरंगतं, चांगलं तळाशी बसतं. तसंच इथं. घट्ट मिठाच्या पाण्यात शी कालवतात, गाळतात, काही वेळ ठेवतात. जंतांची अंडी हलकी, ती वर येतात. वरचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

पहिल्या नमुन्यात काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, एका तपासणीवर मोकळं व्हायचं नाही. जंत पोटात गेल्यावर रक्त प्यायला आधी लागतात आणि अंडी घालायला नंतर, त्यामुळं मधल्या दिवसांत शी स्वच्छ दिसते. रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यांनी गोचीडतापाचं बघितलं, ते नव्हतं. चार दिवसांनी दुसरा नमुना नेला आणि त्यात अंडीच अंडी. अंकुशकृमी. डॉक्टरांनी ताईंना काचेतून बघायला लावलं. ताई म्हणाल्या, पातळ सालाच्या लांबट मण्यांसारखी दिसतात, आत चार-आठ दाणे.

अंकुशकृमी म्हणजे इंग्रजीत हूकवर्म. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखा. तोंडाला दात असतात, त्यानं आतड्याच्या अस्तराला चावून रक्त पितो, आणि जागा बदलली की जुन्या चाव्यातून रक्त झिरपतच राहतं. शीत तो सहसा दिसत नाही. आपण म्हणतो, जंत दिसले नाहीत म्हणजे जंत नाहीत. इथं ते चालत नाही. शीत तांदळाच्या दाण्यासारखे जे दिसतात ते पिसवांमुळं होणारे फीतकृमीचे तुकडे, शेवयांसारखे पडतात ते गोलकृमी. अंकुशकृमी न दिसताच काम करतो.

जंत कळले. पण गोळी देऊनही ते परत येत होते, तेव्हा अर्धाच उलगडा झाला होता. डॉक्टरांनी वहीतला चौथा रकाना वाचायला घेतला, कुठं बसली-निजली तो. खरं सांगायचं तर तो रकाना आम्ही आखला तेव्हा एकीनं नाक मुरडलं होतं. त्यात पानामागून पान एकच लिहिलेलं: दुपारी अळूत. रात्री गोठ्यापाशी. दुपारी अळूत.

ताईंच्या परसात मोरीचं पाणी जातं तिथं अळू आणि दोन केळी आहेत. आपल्या माणदेशासारख्या भागात चैत्र-वैशाखात दुसरीकडं कुठं ओल असते? राणीनं तिथं खड्डा उकरून ठेवलेला, पोट टेकून गारव्याला पडायची. शीलाही तिथंच आडोशाला जायची. शेजारची कुत्री मात्र खळ्यावरच्या बाभळीखाली कोरड्यात बसायची.

आता सगळं जुळतं. शीतून पडलेली अंडी ओल्या, सावलीच्या, उबदार मातीत फुटतात, आणि आठवडाभरात त्यातल्या अळ्या कुत्र्याला लागायला तयार होतात. त्या तोंडावाटे जातात, कुत्रं अंग चाटतं त्यातून जातात, आणि पोटाच्या-पंजाच्या कातडीतून सरळ आतही शिरतात. तिथून दोन-तीन आठवड्यांत त्यांचे मोठे जंत होऊन अंडी घालू लागतात. गोळी पोटातले जंत मारते. मातीतल्या अळ्यांना ती काय करणार? राणी गोळी खाऊन त्याच दुपारी पुन्हा अळूत जाऊन निजत होती. शिवाय काही अळ्या कुत्र्याच्या मांसात दडी मारून बसतात आणि आतड्यातली जागा मोकळी झाली की तिकडं सरकतात.

डॉक्टरांनी मग दोन प्रश्न विचारले. पहिला, हिला पिल्लं झाली होती का आणि त्यांचं काय झालं? ताईंनी सांगितलं, पाच होती, अळूजवळच्या सरपणाच्या ढिगाखाली व्याली, दोन आठवडे गुबगुबीत होती, मग फिकट पडत गेली आणि तिसऱ्या आठवड्यात चार दिवसांत पाचही गेली. डॉक्टर म्हणाले, कुत्रीच्या मांसात दडलेल्या अळ्या ती व्याल्यावर दुधातून पिल्लांत जातात. पिल्लाच्या अंगात रक्त ते किती. अंडी शीत दिसायच्या आतच पिल्लू जातं. ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, काकूंना सांगायला पाहिजे. कारण नजर कुणाची लागली यावरून त्या वाडीत एका बाईशी चार महिने कुणी धड बोलत नव्हतं.

दुसरा प्रश्न, घरात कुणाच्या पायाला खाज आहे का? हा प्रश्न ऐकून आम्हीच चमकलो. ताईंची धाकटी, अडीच वर्षांची, परसात अनवाणी खेळते. तिच्या तळपायाच्या कडेला लाल, नागमोडी, उठलेली रेघ आली होती आणि ती रोज थोडी पुढं सरकत होती. पोर रात्री खाजवून रडायची. घरी खरूज समजून मलम लावत होते. कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी माणसाच्या कातडीत शिरते, पण माणूस तिचं घर नव्हे, म्हणून तिला पुढची वाट सापडत नाही. ती कातडीखालीच भटकत राहते. डॉक्टर म्हणाले, माणसाचं औषध मी देणार नाही, उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि कुत्रीला जंत आहेत हे तिथं आवर्जून सांगा. आशाताईंना घेऊन ताई गेल्या. औषध मिळालं आणि थोड्याच दिवसांत पोर रात्रभर झोपायला लागली.

आता उपाय काय केला ते. राणीचं वजन केलं. कुत्रं काट्यावर उभं राहत नाही, म्हणून ताईंनी आधी स्वतःचं वजन केलं, मग राणीला उचलून घेऊन केलं, आणि वजाबाकी केली. १६ किलो. कुत्र्याच्या जंताच्या बहुतेक गोळ्या दहा किलोला एक अशा मापाच्या असतात, तेव्हा १६ किलोला एक गोळी अपुरी पडते. डॉक्टरांनी वजनावरून मात्रा ठरवली, पंधरा दिवसांनी पुन्हा, मग आणखी एकदा, कारण मधल्या काळात जे आतड्यात उतरतात त्यांना गाठायचं असतं. सोबत लोहाचं पातळ औषध. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला, जी गोळी देतात ती उरली म्हणून कुत्र्याला घालू नका. ते औषध कुत्र्याच्या अंगी लागून उलट रक्तच कमी होऊ शकतं.

पण खरं काम परसात झालं. मोरीच्या पाण्याला शोषखड्डा केला. ताईंचे मालक आणि दिरांनी दोन रविवारी तो खणला, दगड-विटांचे तुकडे भरले. अळूची दाटी कमी केली, माती उकरून वैशाखाच्या उन्हात उघडी टाकली. ऊन आणि कोरडेपणा, या अळ्यांचे हे दोनच मोठे वैरी. उरलेल्या केळीभोवती बाभळीच्या काट्या लावल्या, म्हणजे राणीला आत जाता येईना. आता तिची गारव्याची जागा हिरावून घेतली तर दुसरी द्यायला हवी, नाही तर ती शेजारच्या परसात जाणार. ओट्याच्या सावलीत फरशीवर तिला पोतं टाकलं, दुपारी ते पोतं ओलं करायचं आणि संध्याकाळी उन्हात वाळवायचं. दोन दिवस ती पोत्याकडं बघायलाही तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की गेली निमूट.

शी रोज उचलायची. रोजच्या रोज हे यासाठी की अंडी फुटून अळ्या लागू व्हायला काही दिवस जातात. त्याआधी उचललं तर काम साधतं. राखेवर घेऊन लांब खड्ड्यात पुरायची, भाजीच्या खतात घालायची नाही. आणि लेकरांच्या पायात चप्पल.

जूनअखेर तपासलं तेव्हा नमुना स्वच्छ निघाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासला, तेव्हाही स्वच्छ. वजन १९ किलो.

सगळ्याच कुत्र्यांची हगवण अंकुशकृमीची असते असं मुळीच नाही. सारखी थोडी थोडी, शेंबडासारखी आणि ताज्या रक्ताची शी असेल तर दुसरे जंत असू शकतात, आणि प्रत्येक गोळी प्रत्येक जंतावर चालत नाही, म्हणून आधी नमुना तपासलेला बरा. हाडांचा चुरा आतड्यात अडकतो, कोंबडीचं शिजलेलं हाड तर काचेसारखं फुटतं. प्लास्टिकची पिशवी गिळलेलं कुत्रं आठवडेच्या आठवडे ओकतं. जंत नाहीत, गोचीडताप नाही, खाणं साधं केलं तरी सुधारणा नाही, अशा वेळी स्वादुपिंडाचा किंवा आतड्याच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त तपासावं लागतं.

शेळीवाल्या बायकांसाठी एक वेगळं. शेळी-मेंढी कापली की डोकं, फुप्फुस, काळजातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्यापुढं टाकू नका. त्यातून कुत्र्याला जो फीतकृमी होतो त्याची अंडी चाऱ्यावर पडली की करडाच्या मेंदूत पाण्याची गाठ होते आणि ते गोल गोल फिरायला लागतं. दुसऱ्या एका फीतकृमीमुळं माणसाच्या काळजात-फुप्फुसात गाठी होतात. पुरून टाका, किंवा भरपूर उकळून मगच घाला.

वही लिहीत बसू नये अशाही वेळा असतात. पिल्लू वारंवार ओकतंय आणि घाण वासाची रक्ताची हगवण आहे, तर ते पार्व्हो असू शकतं, त्याच दिवशी न्या. पोट ढोलासारखं फुगलं आणि ओकारीचे नुसते उमाळे येतात, तर तासाचाही उशीर नको. माणसाची अंगदुखीची गोळी, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, कुत्र्याला देऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंड आणि यकृत जातं. आणि हे नीट ऐका: कुत्रं खात नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदललाय, तर घशात हाड अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. ते पिसाळण्याचं लक्षण असू शकतं. त्याला बांधता येत असेल तर लांबून कोंडा, पोरांना दूर ठेवा, दवाखान्यात कळवा. लाळ जखमेला लागली किंवा चावलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच इंजेक्शनाला जा.

जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा फुकट लागणारा फोन आहे. तिथं विचारून घ्या, तुमच्या भागात गाडी कोणत्या दिवशी येते.

आता राणी पुन्हा गाभण आहे. या वेळी तिची व्यायची जागा गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात केली आहे, खाली फरशी आणि धुतलेली पोती. गाभणपणातलं जंताचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टर स्वतः ठरवून देत आहेत. मुलीनं वहीच्या मागच्या पानावर पुढच्या तारखांसाठी जागा सोडली आहे: पिल्लं दोन आठवड्यांची झाली की पहिलं औषध, मग चार, सहा आणि आठ आठवड्यांना, पुढं सहा महिने होईपर्यंत दर महिन्याला. आठव्या आठवड्यापासून पार्व्होची लस, तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याची. दोन पिल्लं आत्ताच बोलून ठेवली आहेत. एक शेजारच्या काकूंनी, आणि एक त्या बाईंनी, जिच्याशी वाडीत कुणी बोलत नव्हतं.